रेवाचं ‘हाय’

‘स्पीच डिले,’ नगरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे बोलणं वयाच्या मागे राहणं. दोन वर्षांची रेवा माझ्या मांडीवर बसून त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होती. ‘बेरा’, म्हणजे झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून करतात ती ऐकण्याची तपासणी, चांगली आली होती. कान ठीक होते.

‘घरात एकच भाषा ठेवा. दोन भाषांनी मूल गोंधळतं. तुमचं इंग्लिश छान आहे, तेच बोला.’

मी मान हलवली. डॉक्टरांना उलट विचारणं मला कधी जमलेलं नाही.

आमचं घर सुप्याजवळच्या खेड्यात. नवरा कंपनीत शिफ्टला, सासू-सासरे शेतात. इंग्लिश फक्त मला येतं. त्यामुळे रेवा खोलीत आली की सगळे गप्प व्हायचे. सासरे तिला उचलून घ्यायचे आणि तोंड मिटून नुसते हसायचे. तिच्याशी बोलणारी मी एकटी, आणि मी फोनसुद्धा दोन वाक्यांत उरकणारी.

थेरपीसाठी दर आठवड्याला नगर. वेटिंग रूममध्ये आम्ही आया एकमेकींच्या मुलांचे शब्द चोरून ऐकायचो.

थंडीत रेवा ‘हाय’ म्हणायला लागली. मी हरखले. हात हलवून ‘हाय, रेवा!’ म्हणायचे, तर ती चिडून रडायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘समोर कोणी नसतानाही म्हणते. अर्थ कळत नाही, नुसती नक्कल आहे.’ आणि ऑटिझमची शंका काढली. म्हणजे माणसांशी जोडलं जाण्यातच अडचण. घरी येईपर्यंत मी बसच्या खिडकीकडे तोंड करून बसले.

मग एका दुपारी गोठ्यामागून सासूबाईंचा आवाज आला.

‘शेळीला पाला हाय का गं?’

‘हाय.’

‘आन् पानी?’

रेवाने बादलीत डोकावलं. ‘न्हाई.’

मला पाहून सासूबाई दचकल्या. ‘तिच्याशी न्हाई बोलले, बाई. शेळीशी बोलत हुते. शेळीला तरी इंग्लिशची सक्ती न्हाई ना?’

ऑटिझमच्या शंकेसाठी पुण्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा हे सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे ती अर्थ कळूनच बोलते. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. घर जे बोलतं तेच तिला हवं. अंघोळ घालताना, भाकरी थापताना. याच वयात सगळ्यात जास्त.’

‘हे कधीपासून माहीत आहे?’ या वेळी मी विचारलं.

‘बऱ्याच वर्षांपासून.’

पुण्याहून सकाळी निघालेला माणूस जेवायला नगरात असतो. ही एक गोष्ट मात्र इतक्या वर्षांत पोचली नव्हती.

रेवा आता बोलते, अजून वयाच्या थोडी मागेच. त्यातलं मूळचं किती आणि त्या मुक्या वर्षाचं किती, हे कोणी सांगू शकत नाही. तुमच्या मुलासाठी कोणी घर गप्प करायला सांगितलं, तर तिथेच विचारा, का? आभार मला कोणाचे मानायचेच असतील तर त्या शेळीचे.

परवा रेवाच्या तपासण्यांचे कागद घ्यायला आम्ही दोघी नगरला गेलो. डॉक्टरबाईंनी हात हलवला, ‘हाय, रेवा!’

रेवाने वाकून टेबलाखाली पाहिलं. मग त्यांच्याकडे. ‘काय हाय?’

त्या हसल्या. मी हसले नाही.