साहेबापुढची हिंदी

माझे भाऊजी बंडोपंत पांडे यांना घाबरायला कारण लागत नसे. आर्वीतल्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते आणि साहेबाच्या बुटांचा आवाज आला की ते लिहिता लिहिता ताडकन उठून उभे राहायचे. मी मास्तर माणूस, वर्गावर ओरडून घसा बसवून घेतलेला. मला या भित्रेपणाची भारी चीड. माझ्या बहिणीला, कौशल्याताईला, मी तोंडावर म्हणायचो, "तुहा नवरा म्हणजे ससा हाय ससा." ती शांतपणे भाकरी थापत म्हणायची, "असू दे. ससा वेळेवर घरी तं येते."

साहेबापुढं उभे राहिले की भाऊजींची मराठी आटून जायची आणि तोंडून हिंदी निघायची. यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. साहेब यायचे ते बहुतेक जबलपूर, सागर, रायपूरकडचे. साहेबाशी बोलायचं ते हिंदीतच, हे वळण कारकुनांच्या अंगात इतकं मुरलं होतं की साहेब मराठी निघाला तरी त्याच्याशी मराठीत बोलायचं कुणाला सुचत नसे. भाऊजींचे वडीलही कारकूनच, तिकडं हिंदी मुलखात सिवनीला नोकरीत; भाऊजींचा जन्म तिथलाच. त्यामुळे त्यांची हिंदी मुळातच सुरेख होती. घाबरले की आणखी सुरेख व्हायची.

त्यांना एकच मुलगी, माणिक. चार वर्षांची असताना मुदतीचा ताप आला आणि तिचे दोन्ही कान घेऊन गेला. बोलणं मात्र राहिलं, थोडं मोठ्यानं आणि एकसुरी. पुढं कुणी न शिकवता ती माणसांची तोंडं वाचायला शिकली. "मले बोलणं दिसते," असं ती सांगायची, आणि खरंच, अर्ध्या गल्लीतल्या भानगडी तिला अंगणात उभ्या उभ्या कळायच्या. पण दिसायची ती फक्त आपली घरची बोली. कोपऱ्यावरचा ताराचंद दुकानदार गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलू लागला की ती तोंड फिरवायची. "थो बोलत नाई, नुसतं तोंड हालवते," म्हणायची. आम्ही हसायचो.

छप्पन साली ते हसणं थांबलं. भाषेप्रमाणे प्रांत होणार, विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार, हे पक्कं झालं. मी खूश होतो. वेगळा विदर्भ हवा म्हणणाऱ्यांशी चौकात तावातावानं भांडतही होतो. नकाशावर रेघ ओढली की माणसं आपापल्या भाषेत सुखानं नांदतील, असं मला खरोखर वाटायचं. रेघ ओढताना कारकूनही वाटले जातात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

श्रावणात नागपूरहून एक साहेब चौकशीला आला. कोण कारकून कुठल्या राज्यात जाईल, ते ठरायचं होतं. आमच्याकडे मराठी पांडे पुष्कळ, पण जबलपूरकडेही पांडे ढिगानं. साहेबानं नाव विचारलं, भाऊजींनी हिंदीत सांगितलं. जन्मगाव विचारलं, सिवनी सांगितलं. कुठं जायला आवडेल, असंही त्यानं विचारलं होतं. त्यावर भाऊजी काय म्हणाले असतील? "जैसी हुजूर की मर्जी."

हुजुरांची मर्जी महिनाभरानं कळली. कचेरीतल्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, भाऊजींना बोलावून सांगितलं, "पांडे, तुमचं नाव नव्या मध्यप्रदेशात गेलं. रीवाकडे पाठवतील म्हणतात."

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो तेव्हा चूल थंड होती. मी नेहमीसारखा आवाज चढवला, "भाऊजी, काऊन नाई सांगितलं त्याले का मी मराठी हावो म्हणून?" भाऊजी भिंतीकडं तोंड करून बसले होते. माणिकला आपलं तोंड दिसू नये म्हणून. भिंतीशीच बोलल्यासारखे हळू म्हणाले, "कृष्णकांत, ती पयल्यांदा बहिरी झाली तवा चार वर्साची होती. तिले समजलं नाई. आता बारा वर्साची हाय. आता समजन."

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. रीवाला शेजारणी, पोरी, भाजीवाली, सगळ्यांची तोंडं हलतील आणि माणिकला त्यातलं काहीच दिसणार नाही. नोकरी सोडावी तर खायचं काय? पोरीला माझ्याकडे ठेवावं तर ती आईला सोडून एक रात्र राहत नसे. मी म्हटलं, नागपूरला जाऊ, मोठ्या साहेबाला भेटू, पोरीला समोर उभी करू.

दसरा तोंडावर आला होता. पुलगावला आर्वीच्या छोट्या गाडीतून उतरून नागपूरच्या गाडीत शिरलो तर डबा पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी गच्च भरलेला. नागपूरला दीक्षा घ्यायला निघालेले लोक. काही प्रवासी अंग चोरून बसले होते आणि खोटं कशाला सांगू, आमचे भाऊजीही त्यांतच. पण जागा दिली ती दीक्षेला निघालेल्यांतल्याच एका बाईनं, जयवंतानं. माणिकला तिनं आपल्याजवळ ओढून बसवलं आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. पोरगी बहिरी आहे, हे त्या बाईला सिंदी स्टेशन येईपर्यंत कळलंसुद्धा नाही.

भाऊजी तिच्याकडं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, येवढं सारं बदलून टाकायचं म्हणता. भेव नाई वाटत?"

"भेव?" ती म्हणाली. "थेच तं टाकून द्यायले चाल्लो न जी आमी."

मग मी त्यांच्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं: साहेब, मी मराठी माणूस आहे, मला इथंच ठेवा. नागपूर येईपर्यंत ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते आणि माणिक त्यांचे ओठ वाचून खुदुखुदु हसत होती.

नागपूरच्या कचेरीत दीक्षित नावाचे मोठे साहेब होते. आम्हाला दुपारपर्यंत बाकावर बसवून मग आत बोलावलं. पंखा फिरत होता, तरी भाऊजींच्या मानेवरून घाम ओघळत होता. साहेबांनी मान वर केली. "कहिए पांडेजी, क्या बात है?"

आणि भाऊजी बोलू लागले. हिंदीत. हात जोडून, अस्खलित, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत ते सांगत होते की हुजूर, हमारी मातृभाषा मराठी है. मला रडावं की हसावं कळेना. साहेब हसून म्हणाले, "आपकी हिंदी तो हमसे भी अच्छी है. वहाँ क्या तकलीफ़ होगी?" मी ताडकन पुढं झालो, तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "जी, बात ऐसी है कि..." वर्गात मराठीसाठी छड्या मारणारा मी! जीभ कशी फिरली, ते मला आजही सांगता येत नाही.

माणिक भाऊजींच्या तोंडाकडं पाहत होती. मग माझ्या. मग पुन्हा भाऊजींच्या. तिनं डोळे चोळले, पदरासारखा परकराचा काठ वर घेऊन पुसले, परत पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि आम्ही दोघं साहेबाकडं बघत बोलतच होतो. एकाएकी तिनं भाऊजींची हनुवटी धरून त्यांचं तोंड आपल्याकडं फिरवलं आणि त्या मोठ्या, एकसुरी आवाजात ओरडली, "बाबा! माहे डोळेबी गेले का?"



"तोंड दिसते मले," ती ओरडत होती, "पण बोलणं दिसून नाई राह्यलं! मामाचंबी नाई! बाबा, बोला न!"

भाऊजींचे ओठ नुसतेच हलले. आवाज नाही, मराठी नाही, हिंदीही नाही. ते पाहून तर पोरगी दोन्ही हातांनी त्यांचे ओठ चाचपायला लागली. तेव्हा साहेब खुर्चीवरून उठले. टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर वाकले आणि आमच्याच बोलीत सावकाश म्हणाले, "नाई गेले, माय. चांगले हायेत तुहे डोळे. पाय बरं माह्याकडं."

माणिकनं त्यांच्या ओठांकडं पाहिलं आणि हुंदका देऊन खाली बसली. साहेब काटोलकडचे होते. भाऊजींकडं वळून त्यांनी विचारलं, "पांडे, अहो, तुम्ही मराठी, मी मराठी. मघापासून आपण करत काय होतो?"

"जी, साहब," भाऊजी म्हणाले.

भाऊजींचं नाव मुंबई राज्याच्या यादीत गेलं. नोव्हेंबर उजाडला, राज्य बदललं, भाऊजी आर्वीतच राहिले. मी पेढे घेऊन गेलो. ताई चुलीपाशी हसत होती. भाऊजी ओट्यावर बसले होते, पण त्यांचा चेहरा काही उजळलेला नव्हता. मी चिडलोच. "आता कायचं भेव, भाऊजी? सुटलो न आपण!"

"थ्या दिवशी तिचा चेहरा पाह्यला न तू," ते म्हणाले. "आपण हावो तोवर बोलू तिच्यासंग. मी मेलो, तुही बहीण मेली, का मंग तिच्याकडं तोंड करून कोण बोलन? रीवा काय न आर्वी काय, तिले सारखंच."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भाऊजींची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेलेली दिसली. दारात माणिक उभी होती, हातात पेढा तसाच. भाऊजींनी घाईनं तोंडावर हात धरला. पण तिनं सगळं पाहिलं होतं.