मोठा ओटा

आर्किटेक्ट हा शब्द निघाला तरी माझं डोकं फिरतं. पुण्याचा माणूस, नवऱ्यानं शोधलेला. वसमतला घर बांधायला काढलं तेव्हा मी त्याला फोनवर एकच गोष्ट बजावली होती. बाकी काही का करा ना, ओटा मोठा पाहिजे.

कारण माझी आई. तिकडं खेड्यात, गोरेगावात एकटी राहायची. गुडघे गेलेले, तरी हलायला तयार न्हाई. शेवटी म्हणाली, "ओटा असंल तर येते. दारात बसून चार माणसं दिसली पाहिजेत. खोलीत कोंडून न्हाई राहायची मी."

"दोघी-तिघी आरामात मावल्या पाहिजेत," मी त्याला सांगितलं.

"चौघी मावतील, मॅडम. काळा ग्रॅनाइट टाकतोय."

"ग्रॅनाइट कशाला? शहाबादी बरी."

"आता शहाबादी कोण घालतं, मॅडम!" वर हसला.

घरापुढं रेती-विटांचे ढीग होते. मला वाटायचं, ओटा सगळ्यात शेवटी होणार. ढीग उठले आणि तिथं फरशी लागली, गाडीसाठी. पुढं पुरुषभर उंच भिंत, लोखंडी गेट. आणि ओटा? ओटा स्वयंपाकघरात! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, चकाचक. अरे बाबा, आमच्याकडं ओटा म्हणजे दारापुढचा, बसायचा! नवरा म्हणतो, "छान झालाय की." मी कपाळावर हात मारून घेतला.

आई आली त्या दिवशी मी ओट्याचा विषयच टाळला. तीच शोधत शोधत स्वयंपाकघरापर्यंत गेली. "ह्यो व्हय ओटा?" तिनं ग्रॅनाइटवरून हात फिरवला. "काहून बाई, सैपाकाला आणलंस मला?"

मला रडूच आलं. राग कुणावर काढावा तेही कळेना.

सकाळी ती घरात नव्हती. गेटबाहेर उरलेल्या विटांवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. "रिक्षाची वाट पाहून राहिले. जाते गोरेगावला." शेजारीण तिच्यापाशी उभी होती आणि दोघींचं बोलणं रंगलं होतं. त्या बाईचं माहेर कुठलं, हे मला इतक्या दिवसांत माहीत नव्हतं. आईला एका सकाळीत कळलं होतं. रिक्षा आली नि गेली, आईचं लक्षच नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. भिंत पाडा, ओटा बांधा, गाडी राहील रस्त्यावर.

"मॅडम, समोरून घराचा सगळा लुक बिघडेल हो!"

"बिघडू द्या!" मी ओरडले. "माझी आई विटांवर बसलीय."