खालच्या गल्लीचा नळ

आमच्या गाण्यांना शब्द नाहीत. कोल्हापुरात हे वाक्य मी जितक्या वेळा बोलले आहे, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल. दोन गिटार, एक ड्रमसेट, कुणी सापडला तर बास गिटार. गाणारं कोणी नाही. समोरचा विचारतो, "म्हणजे गाणारी बाई अजून यायची हाय?" यायची नाही. "मग तू काय करतीस?" गिटार वाजवते. "ते झालं गं, पण गाणं कवा चालू हुणार?" चालू होऊन संपलं, काका.

त्यानंतरचा प्रश्न ठरलेला. शब्द नाहीत तर अर्थ काय? आपण काही सांगायच्या आत समोरचा अर्थ काढून मोकळा झालेला असतो. एकाला आमच्या गाण्यात शिवारातला वारा ऐकू आला. एकाला समाधी लागली. एका पेपरवाल्यानं लिहिलं की आमच्या सुरांत पन्हाळ्याचं धुकं आहे. पन्हाळ्याला आम्ही तोवर एकदाच गेलो होतो, सहलीला, आणि ते कडक उन्हात.

म्हणून ह्या गोष्टी लिहिते आहे. कुठलं गाणं कशातनं आलं, एवढंच. धुकं नाही.

मी मूळची पत्रकवाली. कॉलेजात असताना आमच्या संघटनेची पत्रकं मी लिहायची. रखडलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहातलं जेवण, एसटीचा पास. पत्रकाचा नियम सोपा असतो. पहिल्याच ओळीत कुणी काय केलं ते सांगायचं. मी तो नियम पाळला. मग दसरा चौकात उभी राहून ती पत्रकं वाटली, आणि लोकांनी ती अंथरून त्यावर बसकण मारलेली पाहिली. भडंगवाल्यानं त्यांचे कोन केले. माझं सगळ्यात जहाल पत्रक मी भडंग संपल्यावर, तेलाचे डाग पडलेलं असं परत वाचलं आहे. शब्दांचं काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नाही.

आमचा दुसरा गिटारवाला राजारामपुरीतल्या एका क्लासवाल्या सरांचा मुलगा, म्हणून आम्ही त्यालाच क्लासवाला म्हणतो. अकरावी-बारावीच्या दोन बॅचच्या मधे वर्ग रिकामा असायचा, तिथं आमचा सराव. सायबर कॅफेत बसून त्यानं परदेशातल्या असल्या बिनशब्दांच्या बँडची गाणी उतरवून घेतली, सीडी केली आणि आम्हाला ऐकवली. गाणी हळू सुरू होतात, बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळं अंगावर येतं. मी म्हटलं, हे तर मला येतं. माझं लहानपण असंच गेलंय.

ते पुढं सांगते. आधी सोपी गाणी.

'हजेरी' नावाचं गाणं आहे. सर हजेरी घ्यायचे तेव्हा नाव, 'येस सर', नाव, 'येस सर' असा एक ठेका पडायचा आणि गैरहजर पोराच्या नावापाशी तो चुकायचा. ती चूक आम्ही उचलली. सरांना वाजवून दाखवलं तर म्हणाले, "यात सायन्सच्या पोरांना काय फायदा?" दुसरं 'शटर'. आठवड्याच्या सुट्टीला राजारामपुरीतली दुकानं बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गल्ल्यांतनं शटरं वर जायला लागतात. एवढंच आहे ते. एका बाईंनी हे गाणं ऐकून डोळे पुसले आणि म्हणाल्या, जन्म-मृत्यूचा फेरा किती छान दाखवलाय. मी शटर म्हणून सांगितलं, तर त्यांना माझा राग आला.

आता तिसरं.

माझं गाव हातकणंगल्याच्या बाजूला. नव्वदच्या दशकात गावाला नळ आले. टाकी वरच्या बाजूला, वरच्या गल्लीत पाटलांची, शेतकऱ्यांची घरं. सगळ्यात खाली आम्ही, बौद्धांची गल्ली. पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस आधी वरच्या गल्लीचं पाणी सोडायचा. त्यांच्या म्हशी धुऊन झाल्या, अंगणं शिंपून झाली, की आमचं. आमच्या गल्लीत एकच नळ, आणि त्याच्यापुढं घागरींची रांग. रांगेत मुली, कारण शाळेला उशीर झाला तर तो मुलींना झालेला चालतो.

नळाला पाणी येण्याआधी हवा येते. फुस्स करून आवाज होतो. मग गुळणी केल्यासारखी खरखर, मग चार थेंब, मग परत नुसती हवा. बायका बोलायच्या थांबायच्या. तो आवाज ऐकून पाणी येणार की नाही हे ओळखायला आम्ही शिकलो होतो. आणि मग पाणी यायचं, तोटी थरथरायची, घागर दणादणा वाजायची.

ते गाणं मी केलं. नाव ठेवलं 'खालच्या गल्लीचा नळ'. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडनं घेतलेला आमचा अँप्लिफायर सतत फुसफुसायचा. तो दुरुस्त करायचा नाही, असं मी बजावून ठेवलं. तीच हवा. त्यावर करंगळीनं गिटारवरचं बटण फिरवत आवाज हळूहळू मोठा करायचा, एकेक थेंब. बराच वेळ. मग मी मान हलवली की ड्रम.

आणि तो ड्रम कधीही वेळेवर आला नाही.

ड्रम वाजवणारा माझ्याच गावचा. वरच्या गल्लीतला. घरी म्हशी, डेअरीला दूध, लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवायला जायचा. हात असा की ऐकणारा सरळ उभा राहणार नाही. पण ह्या गाण्यात तो दर वेळी लवकर यायचा. मी मान हलवायच्या आधीच धाडकन.

"लेका, अजून हवाच आहे."

"अगं पण किती वेळ नुसती फुसफुस? मानसं उठून जातील."

"जाऊ देत. पाणी येईपर्यंत थांबायचं."

"पन ते कळायचं कसं?"

कळायचं कसं. मी फळ्यावर, सरांच्या गणिताच्या खाली, गाण्याचा नकाशा काढून दिला. तरी लवकर. मी ओरडले, तरी लवकर. शेवटी क्लासवाला म्हणाला, "जाऊ दे की, लवकर तर लवकर. छान वाटतंय." मला ते छान नको होतं. हा पोरगा नळ उघडला की पाणी येतं अशा घरात वाढला होता. त्यानं हवा कधी ऐकलीच नव्हती. त्याला थांबता येत नव्हतं, आणि त्या गाण्यात थांबण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

अशात पन्हाळ्याच्या एका पर्यटनाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. पेपरातलं ते धुकं तिथल्या आयोजकांनी वाचलं होतं. मुख्य आयोजक गोड बोलणारे होते. कुठलं गाणं वाजवणार, विचारलं. मी नाव सांगितलं.

"नळ?" ते म्हणाले. "ताई, बाहेरनं पाहुणे येणार. पर्यटनाला नळ कशाला?"

"गाणं नळाचंच आहे."

"असू दे की. आपण 'सह्याद्रीची सकाळ' म्हणूया. शब्द तर न्हाईतच, कुणाला कळतंय? आणि जरा चार मिनिटांत बसवा. सुरुवातीचं ते संथ हाय ते काढून टाका. पुढचा भाग लई झकास हाय."

मी पत्रकवाली. मी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, "साहेब, चार मिनिटांत पाणी वरच्या गल्लीला येतं. आमच्याकडं नाही."

त्यांना काही कळलं नाही. ड्रमवाला शेजारी उभा होता. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, चिडला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "पुरं वाजवूया. काय करत्यात करू देत."

"तुला थांबता येतं?"

"बघूया की."

कार्यक्रम दुपारी चारचा. ड्रमवाल्याला संध्याकाळी म्हशींच्या धारेला घरी पोचायचं होतं म्हणून आम्ही आधीचा नंबर मागून घेतला होता. निवेदकानं जाहीर केलं, "सादर करीत आहोत, सह्याद्रीची सकाळ." मी माइक ओढून घेऊन म्हटलं, "खालच्या गल्लीचा नळ." समोरच्या खुर्च्यांवरनं कोणीतरी हसलं. पुढच्या रांगेत पाहुणे, त्यांच्यामागं सहलीची कुटुंबं, कणसं खाणारी पोरं.

अँप्लिफायर चालू केला. फुस्स. मोठ्या कर्ण्यांतनं ती हवा फार मोठी झाली. मी पहिला थेंब सोडला.

थोड्या वेळानं साउंडवाला वाकत वाकत स्टेजवर आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "अक्का, वायर गेल्या. नुसता फुसफुस आवाज यायलाय."

"गेली नाही. तसंच आहे ते."

"तसं कसं असंल?"

"तसंच आहे. जावा तुम्ही."

तो गेला, पण त्याला ते पटलं नव्हतं. त्याचं काय चुकलं म्हणा. आयुष्यभर फुसफुस घालवण्याचेच पैसे मिळाले त्याला. समोरून एकजण ओरडला, "पावणं, चालू करा की." आयोजक स्टेजच्या बाजूला उभे राहून हातानं कात्रीची खूण करत होते. क्लासवाल्यानं माझ्याकडं घाबरून बघितलं. मी ड्रमवाल्याकडं बघितलं. इथंच तो दर वेळी सुटायचा.

तो सुटला नाही. काठ्या मांडीवर, मान खाली. ऐकत होता. लोक कुरकुरायला लागले, खुर्च्या वाजल्या, तरी तो हलला नाही. इतकी वर्षं घसा फोडून मी जे सांगत होते ते हा माणूस चारशे लोकांच्या शिव्या खात करत होता. मी शेवटचे थेंब सोडले. हवा. परत हवा. आता. मी मान हलवली, त्यानं काठ्या उचलल्या, मी तारांवर हात मारला.

आवाज आला नाही.

साउंडवाल्यानं आमच्या अँप्लिफायरची लाइनच बंद केली होती. फुसफुस घालवायला. कर्णे गप्प, गिटारच्या तारा नुसत्या डासासारख्या कुणकुणल्या. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत होत्या. त्याला वाजवता आलं असतं, ड्रमला वीज लागत नाही. त्यानं माझ्या गिटारकडं बघितलं आणि काठ्या खाली ठेवल्या. तोवर निवेदक माइकवर आला होता. "सह्याद्रीची शांत सकाळ आपण अनुभवली. यानंतर शालेय मुलींचं लेझीम." टाळ्या पडल्या. त्यातल्या त्यात जोरात आयोजकांच्या.

मी खाली उतरून साउंडवाल्याशी भांडले, आयोजकांशी भांडले, मधे पडलेल्या एका शिक्षकांशीही भांडले. काही उपयोग नाही. साउंडवाला शपथेवर सांगत होता, "अक्का, तुमचाच आवाज साफ करत हुतो."

टेम्पोत ड्रम चढवून आम्ही घाट उतरायला लागलो. तिघंही मागं, सामानात. माझा संताप चालूच होता. कुठल्या कार्यालयात तक्रार द्यायची, पत्रकात पहिली ओळ काय घालायची, सगळं मी मोठ्यानं बोलत होते. ड्रमवाला मधेच म्हणाला, "आज पाणी आलंच न्हाय की."

मी बोलायची थांबले.

"असं हुयाचं? कवा कवा यायचंच न्हाय?"

"व्हायचं. बरेचदा."

"मग तुमी लोक काय करायचासा?"

तुमी लोक. एरवी मी त्याच शब्दाला धरून त्याला घाट संपेपर्यंत सोलला असता. पण सरावाच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला होता.

"तुमच्या मळ्यात यायचो," मी म्हटलं. "मोटर चालू असली तर."

"आमच्या?"

"तुझी आई पाइप धरायची. वरनं. आम्ही घागरी खाली ठेवून मागं सरकायचं."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. "आठवतंय. मी बांधावर बसल्याला असायचो. मला वाटायचं, आई पोरींना मदत करत्या."

"करतच होती. आम्हाला पाइपाला हात लावू न देता."

टेम्पो वळणावर कलला, ड्रम एकमेकांवर आदळले. त्यानं ते सावरले नाहीत. क्लासवाल्याला हे सगळं जड झालं असावं. तो चांगला मुलगा आहे, त्याला सगळं छान लागतं. घसा साफ करून म्हणाला, "जाऊ दे की आता. खाली कुठंतरी मिसळ खाऊया?"

"थांब जरा," ड्रमवाला म्हणाला.