ताईबाईंचा घूमचा चढ

दौंडच्या रेल्वे दवाखान्यात एकतीस वर्षं आयाचं काम करून ताईबाई ओव्हाळ १९७३ साली निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "ताईबाई, आता आराम करा."

ताईबाईंनी हार काढून पिशवीत ठेवला. "साहेब, साडेसात हजार फुटांवर मला चालंल का?"

डॉक्टरांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण ताईबाईंच्या मनात ही गोष्ट चार वर्षं घर करून बसली होती. दार्जिलिंगकडून बदली होऊन आलेला एक ड्रायव्हर पाय मोडून वॉर्डात पडला होता. भांडं द्यायला, अंथरूण बदलायला ताईबाई गेल्या की तो तिकडच्या गोष्टी सांगायचा. घूम नावाचं स्टेशन देशातलं सगळ्यांत उंच. ढग फलाटावर उतरतात. जवळच्या टेकडीवर बुद्धाचा गोंपा, म्हणजे मठ आहे, तिथले लामा पहाटे उठून एका सुरात मंत्र म्हणतात. त्यांचे आजे-पणजेही तेच म्हणत होते.

आजे-पणजे हा शब्द ताईबाईंच्या काळजाला लागला. छप्पन साली त्यांनी नवऱ्याबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. नवरा पुढं वारला, पण घरातली बुद्धाची तसबीर आणि वस्तीतला विहार ताईबाईंनी सोडला नाही. माहेरी इनामगावला गेल्या की शेजारचे एक आप्पा हटकायचे, "काय गं ताई, तुमचा धरम म्हंजी सतरा वर्सांचा. माझ्या बांधावरचा आंबा त्याच्याहून थोरला हाय." ताईबाई तिथल्या तिथं उत्तर द्यायच्या, पण घरी आल्यावर ते बोलणं कुसळासारखं टोचत राहायचं. ज्यांच्या घरात हा धर्म शंभर पिढ्या नांदला, अशा माणसांत एकदा जाऊन बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

रेल्वेचा पास होता, हातपाय चालत होते. तरी जाणं होईना. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात निघायचं ठरलं, तर देशभर रेल्वेचा संप लागला. मुलगा मल्हारी लोको शेडमध्ये फिटर. त्याची नोकरी राहते की जाते या घोरात वर्ष गेलं. पंच्याहत्तरला सुनेचं बाळंतपण आलं. आणि मल्हारीचं पालुपद ठरलेलं, "आई, आता कशापायी दगदग? बस की निवांत."

"निवांत बसायला मी काय पोतं हाय?" ताईबाई चिडायच्या.

शहात्तरच्या दिवाळीआधी सोपानराव गार्ड यांनी सहल काढली. हे निवृत्त गार्ड मोठे खटपटी. त्यांनी साठीपुढच्या चौदा जणांना गोळा केलं आणि सांगितलं, "दार्जिलिंग. पण आपल्या वयाला झेपंल असं. बरोबर आचारी, दोन टाइम गरम पाणी, कुठं म्हंजी कुठं चालायचं न्हाई."

"घूमचा गोंपा हाय का त्यात?" ताईबाईंनी विचारलं.

"अख्खी सकाळ ठेवतो तुमच्यासाठी, ताईबाई. शब्द देतो."

त्या शब्दावर ताईबाईंनी स्वेटर विकत घेतला.

प्रवासात सोपानरावांनी खरोखरच कुणाला तोशीस पडू दिली नाही. मात्र आचाऱ्याच्या पिंपातलं पाणी ताईबाईंना उठून घ्यावं लागलं नाही, ते आधीच वेगळ्या तांब्यात भरून यायचं. "तुम्हाला उठायचा त्रास नको," असं सोपानराव म्हणायचे. दार्जिलिंगच्या हॉटेलात सगळ्या बायका दोघी-दोघी होत्या. ताईबाईंना टोकाची एकटीची खोली. "तुम्हाला मोकळं पडंल." ताईबाईंना सगळं कळत होतं. भांडावं तर समोरचा सोयच करतो म्हणतोय, आणि गप्प बसावं तर तो वेगळा तांब्या रोज समोर येतो. त्या गोंपासाठी गप्प बसल्या.

दार्जिलिंगला जाताना छोटी गाडी डोंगर चढत घूमला आली होती तेव्हा धुक्यात स्टेशनची पाटी तेवढी दिसली. ताईबाई दाराशी उठून गेल्या. सोपानरावांनी हात आडवा धरला. "आता न्हाई. हवा बाधंल."

दार्जिलिंगातला पहिला दिवस हवा मानवावी म्हणून झोपण्यात गेला. ते ताईबाईंना पटलं. दुसरा दिवस दुकानांत गेला. तिसऱ्या दिवशी धुकं होतं म्हणून पत्ते झाले. चौथा दिवस शेवटचा. जीप दोन तास उशिरा आल्या आणि घूमच्या टेकडीखाली थांबल्या. वर झाडांतून सोनेरी कळस दिसत होता.

सोपानराव खाली उतरले, वर पाहिलं आणि म्हणाले, "चढ हाय. आपल्यासाठी न्हाई. हितनंच हात जोडा मंडळी, दहा मिन्टांत निघू."

ताईबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "सोपानराव, तुम्ही अख्खी सकाळ देतो म्हनला व्हता!"

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझं भलं कवापासनं तुमच्या पदरी बांधलंय?" एवढं बोलून ताईबाई जीपमधून उतरल्या आणि चढाला लागल्या.

मागे पावलं वाजली म्हणून पाहतात तो सहलीतल्याच, राहू गावच्या सिंधूबाई. मोठ्या बागायतदाराच्या घरची ही बाई. आठ दिवसांत ताईबाईंशी चार शब्द बोलली नव्हती. "मला बी बघायचंय," ती म्हणाली. "घरी समदे म्हन्त्यात बसून ऱ्हा. हितं बी तेच."

ताईबाईंनी तिला वीस पावलं चाल, मग थांब, असं शिकवलं. पण खालची जीप आपल्याला सोडून निघून जाईल, ही सिंधूबाईला धास्ती. ती घाई करायची. निम्मा चढ झाला आणि ती मटकन खाली बसली. ओठ निळसर, श्वास वरच्या वर. ताईबाईंनी तिला खडकाला टेकवलं, चोळीच्या गाठी सैल केल्या, नाडी धरली. नाडी पळत होती. वरून शिंगासारख्या वाद्याचा खोल आवाज आला आणि त्यात माणसांचे आवाज मिसळले. लामा मंत्र म्हणत होते. ताईबाईंपासून फार तर दोनशे पावलांवर.

त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा सिंधूबाईकडं. मग तिच्या काखेत हात घातला आणि पायवाटेनं खाली उतरू लागल्या.

सोपानराव जीपपाशी उभे होते. "म्हनूनच म्हनत व्हतो," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईबाईंनी सिंधूबाईला जीपमध्ये बसवलं. दौंड येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना सोपानरावांचा राग होता, सिंधूबाईचा राग होता, आणि आजारी माणूस दिसलं की आपोआप पुढं होणाऱ्या स्वतःच्या हातांचाही.

घरी जो भेटेल तो विचारायचा, "मग, आराम झाला का?" आठवड्यात त्यांनी बाहेर निघायचं सोडलं.

दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी दारात सिंधूबाई उभी. राहूहून एसटीनं एकटी आली होती, हातात गुळाची ढेप. ताईबाईंनी चहा ठेवला खरा, पण पुढं करताना हात थबकला. सिंधूबाईनं कप ओढून घेतला आणि फुंकर मारून पिऊन टाकला.

"माझ्यामुळं तुमचं ऱ्हायलं," ती म्हणाली.

"व्हय, ऱ्हायलं," ताईबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांची तयारी नव्हती.

"मग परत जाऊ."

"आन् परत बसलीस खाली, तर?"

"तर तुम्ही वर जायचं. मी बसन वाट बघत."

ताईबाईंना हसू आलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांचं डोकं चालू लागलं. चूक चढाची नव्हती, घाईची होती. डॉक्टरांनी सिंधूबाईला तपासलं, गोळ्या दिल्या आणि हळूहळू चढायचं असेल तर हरकत नाही म्हणाले. मल्हारीनं पुन्हा मोडता घातला. सिंधूबाईचा मुलगा तर दाराला आडवा झाला. तिनं दोन दिवस जेवण टाकलं तेव्हा बाजूला सरला. या सगळ्यात वर्ष गेलं. अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये दोघी निघाल्या. आचारी नाही, गार्ड नाही. अर्ध्या डोंगरावर कर्सियांगला दोन रात्री मुक्काम केला. मग घूमलाच, स्टेशनजवळ एका नेपाळी बाईच्या घरी खोली घेतली. पहिला दिवस नुसतं दारात ऊन खात बसल्या. दुसऱ्या दिवशी चढ निम्मा चढून परत आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी तो चढ दीड तासात चढला. दीड तास! लहान पोरं पाच मिनिटांत चढायची. गोंपाच्या दारात लामांनी त्यांना बूट काढायला खुणावलं. आत तुपाच्या दिव्यांचा वास होता, आणि समोर भलीमोठी मूर्ती. ती घरच्या तसबिरीसारखी मुळीच नव्हती. चेहरा वेगळा, अंगावर रंग, पाय खाली सोडलेले. ताईबाईंना क्षणभर वाटलं, चुकीच्या घरी आलो. एवढी वर्षं धडपडलो ते यासाठी का?

सिंधूबाई भिंतीला टेकून बसली होती. "म्हना की तुमचं," ती हळूच म्हणाली.

ताईबाई गुडघे धरून कशाबशा खाली बसल्या आणि त्रिशरण म्हणू लागल्या. बुद्धं सरणं गच्छामि. दम पुरेना, दर ओळीला आवाज तुटायचा. शेजारचा म्हातारा लामा आपलं म्हणणं थांबवून ऐकू लागला. त्याला शब्द कळले की नाही कोण जाणे, पण ‘बुद्धं’ आलं की तो मान लववायचा. ताईबाईंचा श्वास अडकला की तो थांबायचा, घाई करायचा नाही. ताईबाईंनी त्रिशरण तिन्ही वेळा पूर्ण म्हटलं, आणि मग तो पुन्हा आपल्या भाषेत सुरू झाला.