न दिलेली हाक

चैत्रातल्या एका दुपारी सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात आग लागली आणि माझा थोरला भाऊ गेला.

आज दोरीवरच्या ओल्या घोंगडीचा वास आला. अशीच घोंगडी पांघरून दादा पेटत्या घराशेजारची छपरं तोडत होता. निजामाच्या अमलात आमच्याकडे बंब कुठला! हलगी वाजली की घरटी एक माणूस घागर घेऊन धावे.

"मास्तर, पुस्तक ठिव अन् दावी काप बे!" दादा छपरावरून माझ्यावर ओरडला. मी सदा पुस्तकात, म्हणून तो मला मास्तर म्हणे.

जनावराचं दावं कापलं की "सुटलं!" अशी हाक द्यायची, म्हणजे त्याच्यासाठी कोणी आत शिरत नसे, हा गावचा रिवाज. शेजारच्या काकूंच्या गोठ्यातलं वासरू मी सोडलं, पण चारचौघांत ओरडायची मला लाज वाटली. तसाच विहिरीकडे गेलो.

परतलो तेव्हा काकू ऊर बडवत होत्या. "माझं वासरू आत हाय, मी म्हणले, अन् त्यो शिरला रे!" गोठ्याचं पेटलेलं छप्पर दादावर कोसळलं होतं. वासरू पाराजवळ उभं होतं.

लोक म्हणाले, मुक्या जिवासाठी गेला. मीही तेव्हा मान हलवली. आता काकूही नाहीत. वासरू कोणी सोडलं, हे माहीत असलेला मी एकटाच आहे.