कच्चा खड्डा

तुळशीवृंदावनात मुरलेली काळी माती घालताना तिचा गंध येतो आणि आणीबाणीच्या दिवसांतली नंदाखाल गावातली आमची केळीची वाडी डोळ्यांपुढे उभी राहते. वडिलांनी तेथे दोन खड्ड्यांचा संडास बांधला होता. भरलेला खड्डा वर्षभर मुरू द्यायचा आणि मग त्याचे सोनखत केळींना घालायचे. देवीच्या नैवेद्याचा घड याच केळींचा, हे धाकट्या काकांना कळले तेव्हा ते कोयता घेऊनच आले. “देवीला विष्ठा चारलीस, दादा!” असे ओरडत त्यांनी घडांसकट केळी आडव्या केल्या, संडासाचे दार फोडले आणि ते भरल्या खड्ड्याकडे वळले. वडील त्याच्या लाकडी झाकणावर उभे राहिले. “हा अजून कच्चा आहे, मुरलेला नाही. पाऊस तोंडावर आलाय, झाकण फुटलं तर सगळं विहिरीत उतरेल. तुझी पोरंही तेच पाणी पितात.” “बाजूला हो!” पहिल्या घावाने झाकणाची कड तुटली, दुसरा वडिलांच्या खांद्यात रुतला. रक्त पाहताच काका कोयता टाकून रडू लागले. “रडतोस काय?” खाली कोसळलेले वडील म्हणाले, “आधी खड्ड्यात संडासातली राख ओत, वर पत्रा टाक, मग डॉक्टरला आण.” काकांनी हुंदके देत ओंजळींनी राख ओतली. वडिलांचा तो हात पुन्हा कधी वर उचलला गेला नाही. वर्षाने खड्डा मुरला, तेव्हा उपसायला काकाच उतरले. आजही अशा मुरलेल्या मातीत हात घालण्यापूर्वी मी तिला नमस्कार करतो.