वीस मिनिटांत दहा वर्षं

खोक्यावर लिहिलं होतं: 'वीस मिनिटांत दहा वर्षं'. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालावर गेज लावून खोट काढतो आणि असल्या खोक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. माझी मलाच चीड येते.

आत स्टीलचं भांडं निघालं. त्यात पाणी भरायचं, वाइनची बाटली उभी करायची, बटण दाबायचं. भांडं थरथरतं आणि म्हणे कच्ची वाइन मुरते.

वाइन आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जांभळाची. कंपनीतल्या एका वसईकर मित्राकडून ते ती करायला शिकले. गेल्या हंगामात राजगुरुनगरहून जांभळं आणून त्यांनी सहा बाटल्या भरल्या आणि पिंपळे गुरवच्या आमच्या घरात पलंगाखाली आडव्या ठेवल्या. प्रत्येकीवर पिवळ्या तेलखडूनं तीन वर्षांनंतरची तारीख. "त्याआधी हात लावायचा न्हाई," सगळ्यांना दम दिला.

ही खोड यार्डातली. आबा मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात होते. बिडाचे ओतीव सांगाडे लगेच कापले तर पुढे वाकतात, म्हणून ते वर्षभर यार्डात उन्हापावसात मुरत ठेवायचे. तेलखडूची तारीख उलटल्याशिवाय आबा साहेबालाही सांगाडा उचलू देत नसत. मग कंपनीनं एक यंत्र आणलं. सांगाड्याला बांधायचं, तासभर हादरवायचं, झालं काम. आबांनी त्या यंत्राला शिव्यांची लाखोली वाहिली, पण सांगाडे काही वाकले नाहीत.

माझी चूक इथंच झाली. बिडाला चालतं, तर वाइनला का नाही?

घाईला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं की आबांचं हृदय थकलंय, फार लांबचं काही ठरवू नका. बाहेर येऊन मी आबांना म्हणालो, "काही नाही, गोळ्या बदलल्यात." तीन वर्षं त्यांच्याकडे नव्हती. निदान मुरलेल्या वाइनचा एक घोट तरी त्यांना मिळावा, एवढंच मला हवं होतं.

रविवारी सकाळी आबा देवळात गेल्यावर मी एक बाटली काढली. वीस मिनिटांनी चाखली. आंबटढाण. पुन्हा लावली. तशीच. मदतीच्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणतो, "सर, दो बार और चला के देखिए." दोनदा आणखी चालवलं. हिशेबानं वाइन चाळीस वर्षांची झाली. प्रत्यक्षात फक्त कोमट झाली. भांडं खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात आबा आले. लपवायला वेळच नव्हता, भांडं बंद करायलाही नाही. मी पेला पुढे केला. "आबा, बघा तरी." त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि भांड्यावर पालथा हात ठेवला.

"ह्यात बेअरिंगा धुत्यात रं."

खरंच की. आमच्या कारखान्यात पार्ट धुवायला अगदी असलंच मशिन आहे. रोज त्याच्यासमोरून जातो मी. लाज वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला.

मला वाटलं, आता बाटली उघडल्याबद्दल ओरडतील. ते खुर्चीत बसले.

"तुला कसली घाई झाली?"

"काही नाही, सहज."

"सहज न्हाई. कुठंतरी पाणी मुरतंय." ते माझ्याकडे बघत राहिले. "डॉक्टर काय म्हणला?"

भांडं अजून थरथरत होतं. मी बटण बंद केलं आणि दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. पेल्यातली उरलेली वाइन त्यांनी सावकाश संपवली.

"पाच ऱ्हायल्यात," ते म्हणाले. "त्यांना हात लावू नगंस. तारीख घातलीय."